मूल झोंपतें कसें ?

पुणें जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यांत कळस हें गांव आहे. बारामती आणि इंदापूर यांच्या दरम्यानचा हा मुलूख एका अंगानें नीरेच्या डाव्या कालव्यावर ऊंस पिकविणारा, तर दुसऱ्या अंगानें कोरड्या माळरानाचा. पुण्यामुंबईंत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या कितीतरी कुटुंबांचें मूळ घर अशा गांवीं असतें, आणि दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटींत नातवंडें तेथें राहावयास जातात.

समजा, अशाच एका सुटींत आठ वर्षांचा नातू कळसला आजीकडे आला आहे. उन्हाळ्याचे दिवस असल्यामुळें अंगणांत ओळीनें अंथरुणें पडलीं आहेत व नातू आजीच्या शेजारीं निजला आहे. दोनतीन रात्री गेल्यावर आजी सुनेला विचारते, "अगं, ह्येला रातीचं असं कवापासनं व्हतंय ?" सुनेला प्रश्नाचा रोखच कळत नाहीं. तेव्हां आजी सांगते कीं, पोर रात्रभर घोरतें. तोंड उघडें टाकतें. मान मागें ताणून निजतें. मधूनच घोरणें एकदम बंद पडतें, छाती व पोट हलत असतें, पण श्वासाचा आवाज येत नाहीं. मग एक आचका देऊन तें कूस बदलतें आणि पुन्हा घोरूं लागतें. सून चकित होते. शहरांतील घरीं मुलाला स्वतंत्र खोली दिलेली आहे. रात्रीं दार लोटून घेतलें कीं सकाळपर्यंत कोणी तिकडे फिरकत नाहीं. मुलगा घोरतो हें तिला ठाऊक आहे. पण घोरतो त्या अर्थीं गाढ झोंपतो, अशीच तिची समजूत. त्याच्या शाळेंतून मात्र वर्षभर तक्रारी येत आहेत. मुलाचें लक्ष नसतें, तो चिडतो, सांगितलेलें विसरतो. हुशार आहे पण आळशी आहे, असा शेरा प्रगतिपुस्तकांत पडलेला आहे.

रात्रीचें घोरणें आणि दिवसाचा शेरा या दोन गोष्टींचा कांहीं संबंध असेल, हें त्या घरांत कोणाच्याहि मनांत आलेलें नाहीं. मुलांच्या निद्राविकारांतील मुख्य अडचण नेमकी हीच आहे. विकार रात्रीं घडतो, पण त्याची फिर्याद दिवसां येते, आणि तीहि दुसऱ्याच नांवानें येते. मोठा माणूस अपुरा झोंपला तर दुसऱ्या दिवशीं पेंगतो, जांभया देतो आणि झोंप झाली नाहीं असें तोंडानें सांगतो. लहान मूल तसें सांगत नाहीं. कारण आपली झोंप इतरांसारखी नाहीं हें त्याला कळण्याचा मार्गच नसतो. शिवाय अपुऱ्या झोंपेचें मूल पुष्कळदां पेंगण्याऐवजीं अधिकच चळवळें, हट्टी व रडवें होतें. मग कोणी त्याला द्वाड म्हणतो, कोणी लाडावलेलें, कोणी मठ्ठ. आणि ज्या गोष्टीला उपाय आहे तिच्यासाठीं मूल बोलणीं खातें.

हें टाळावयाचें तर आधीं निरोगी झोंप कशी असते याची कल्पना असली पाहिजे. प्रथम तिचें प्रमाण. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेच्या तज्ज्ञांनीं २०१६ सालीं वयोमानाप्रमाणें पुढील तास ठरवून दिले. दिवसांची झोंप धरून ४ ते १२ महिन्यांच्या बालकास १२ ते १६ तास. १ ते २ वर्षांच्या मुलास ११ ते १४. ३ ते ५ वर्षांच्या मुलास १० ते १३. ६ ते १२ वर्षें या वयांत ९ ते १२ तास. आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलामुलींस ८ ते १० तास झोंप मिळावी. सहावींतील मुलगी रात्रीं अकराला निजून सहाला उठत असेल, तर तिला सातच तास मिळतात. म्हणजे किमान गरजेहून रोज दोन तास कमी. अशा मुलीस विकार आहे कीं नाहीं हा विचार करण्यापूर्वीं हे दोन तास तिला परत मिळवून द्यावे लागतात.

दुसरी गोष्ट झोंपेच्या घडणीची. झोंप ही रात्रभर एकसारखी नसते, हें निश्चित झालें तें एका मुलामुळेंच, असें म्हणावयास हरकत नाहीं. शिकागो विद्यापीठांतील यूजीन ॲसेरिन्स्की या संशोधकानें १९५१ सालीं आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ विद्युद्वाहक पट्ट्या चिकटवून त्याची निजलेल्या अवस्थेंतील नोंद घेतली. मूल स्वस्थ झोंपलें असतांहि ठराविक वेळानें त्याचे डोळे पापण्यांआड वेगानें हलत होते. ॲसेरिन्स्की व त्यांचे गुरु नथॅनिएल क्लाइटमन यांनीं हा शोध १९५३ सालीं प्रसिद्ध केला. स्वप्नें पडतात तीं बहुतेक या झोंपेंत. हिला स्वप्नझोंप म्हणूं. उरलेल्या झोंपेंत कांहीं काळ अतिशय गाढ असतो. मुलांत तो विशेष दीर्घ असतो, आणि शरीराच्या वाढीस लागणारा अंतःस्राव याच काळांत मोठ्या प्रमाणांत सुटतो. गाढ झोंप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या तृतीयांशांत येते व स्वप्नझोंप पहाटेकडे वाढत जाते. एवढें ध्यानांत ठेवलें कीं कोणता विकार कोणत्या वेळीं होतो यावरून त्याची अर्धी ओळख पटते.

आतां त्या घोरण्याकडे वळूं. पडसें झालें असतां चार दिवस घोरणें यांत विशेष नाहीं. परंतु सर्दी नसतांहि मूल आठवड्यांतून तीन किंवा अधिक रात्रीं घोरत असेल, तर तें गाढ झोंपेचें लक्षण समजूं नये. तें हवेच्या अडलेल्या वाटेचें लक्षण होय. नाकाच्या मागें ॲडिनॉइड नांवाची मऊ ग्रंथि असते व घशाच्या दोन्ही बाजूंस टॉन्सिलच्या गांठी असतात. साधारणतः दोन ते आठ या वयांत श्वासमार्गाच्या मानानें त्या बऱ्याच मोठ्या असतात. जागेपणीं घशाचे स्नायू वाट उघडी ठेवतात. निजल्यावर ते सैल पडतात आणि वाट चिंबते. श्वास अडला कीं रक्तांतील प्राणवायु कमी होतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मूल आचका देतें व वाट मोकळी होते. रात्रींतून असें अनेकदां घडलें, तर दहा तास अंथरुणांत काढूनहि मुलाची झोंप तुकड्यातुकड्यांचीच होते. सरासरी शंभर मुलांत एक ते पांच मुलांना हा विकार असतो. लठ्ठपणा, जन्मतःच लहान असलेला खालचा जबडा व डाऊन सिंड्रोम यांमध्यें त्याचा संभव अधिक.

याचीं लक्षणें घरच्या माणसाला यंत्राशिवाय टिपतां येतात. तोंडानें श्वास घेणें, मान मागें ताणून किंवा जवळजवळ बसूनच निजणें, झोंपेंत डोकें घामानें भिजणें, श्वासांत खंड पडणें, कोरडें अंथरूण पुन्हा ओलें होऊं लागणें, सकाळीं डोकें दुखणें, आणि दिवसां चिडचिड व लक्ष न लागणें. फार दिवस दुर्लक्ष झालें तर मुलाचें वजन व उंची मागें पडते, आणि अतितीव्र विकारांत हृदयावरहि ताण येतो.

घसा आणि मठ्ठपणा यांचा हा संबंध नवा नाहीं. विल्यम हिल या इंग्रज डॉक्टरांनीं १८८९ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें मुलांच्या मागासलेपणाच्या व मठ्ठपणाच्या कांहीं कारणांविषयीं लेख लिहिला होता, आणि त्यांत नाक व घशाच्या मागील भागांतील अडथळ्याकडे बोट दाखविलें होतें. पुढें ही गोष्ट बरीचशी विस्मृतींत गेली. १९७६ सालीं स्टॅनफर्ड येथील क्रिश्चन गिलेमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं श्वास अडणाऱ्या आठ मुलांचा रात्रभर अभ्यास करून तो प्रसिद्ध केला, तेव्हांपासून हा मुलांचा एक स्वतंत्र विकार म्हणून मानला जाऊं लागला.

उपचार मुलाच्या अवस्थेवर अवलंबून असतो. विकार सौम्य असला तर बालरोगतज्ज्ञ कांहीं आठवडे नाकांत फवारण्याचें औषध देऊन पाहतात. वजन अधिक असल्यास तें उतरवितात. ग्रंथि फार मोठ्या असून श्वास खरोखर अडत असला, तर टॉन्सिल व ॲडिनॉइड काढण्याची शस्त्रक्रिया हा मुख्य उपाय होय. तिच्याविषयीं भीति आणि भाबडी आशा या दोन्ही गोष्टी टाळाव्या. २०१३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणींत ५ ते ९ वर्षें वयाचीं ४६४ मुलें होतीं. अर्ध्यांवर लवकर शस्त्रक्रिया केली व अर्ध्यांना नुसतें देखरेखीखालीं ठेवलें. सात महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा ७९ मुलांची झोंपेची तपासणी निर्दोष निघाली. नुसत्या देखरेखींतील शेंकडा ४६ मुलांचीहि तशीच निघाली. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचें वागणें व स्वास्थ्य अधिक सुधारलें. परंतु एकाग्रतेच्या विशिष्ट परीक्षेंत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. याचा अर्थ एवढाच कीं, कांहीं मुलांच्या बाबतींत थांबून पाहणें शहाणपणाचें असतें; पण तें थांबणें डॉक्टरांच्या नजरेखालीं असावें, अज्ञानांतलें नसावें. शस्त्रक्रियेनंतरहि घोरणें राहिलें तर पुन्हा तपासणी करून घ्यावी. कांहीं मुलांना रात्रीं नाकावर बसवून हवेच्या दाबानें श्वासमार्ग उघडा ठेवणारें यंत्र लागतें.

घोरण्याकडे घरचीं माणसें दुर्लक्ष करतात, तर दुसऱ्या एका विकारानें तींच माणसें घाबरून जातात. चारपांच वर्षांचें मूल निजल्यावर तासादीड तासानें एकदम किंकाळी फोडून उठून बसतें. डोळे सताड उघडे, छाती धडधडते, अंगाला दरदरून घाम. आईनें जवळ घेतलें तर तिलाच ढकलतें, तिला ओळखतहि नाहीं. दहापंधरा मिनिटांनीं आपण होऊन आडवें होतें, आणि सकाळीं त्याला यांतलें कांहीं आठवत नाहीं. याला निद्राभय म्हणावें. घरोघरीं अशा वेळीं मीठमोहऱ्यांनीं दृष्ट काढतात किंवा अंगारा लावतात. खरें पाहतां मेंदूचा एक भाग गाढ झोंपेंतून अर्धवट जागा होतो व दुसरा निजलेलाच राहतो, म्हणून हा प्रकार घडतो. आणि तो रात्रीच्या पहिल्या भागांत घडतो याचें कारणहि हेंच. मूल स्वप्नानें घाबरलें असेल तर तें बहुधा पहाटेकडे उठतें, आईला बिलगतें आणि काय दिसलें तें सांगतें. त्याला धीर द्यावा लागतो. निद्राभयांत मात्र मुलास हलवूं नये, बळेंच जागें करूं नये. त्याला इजा होणार नाहीं एवढें पाहून शेजारीं स्वस्थ बसावें. त्या दिवसांत त्याला थोडें लवकर निजवावें, कारण अपुरी झोंप व ताप यांनीं हे झटके वाढतात. रोज ठराविक वेळींच होत असतील, तर त्या वेळेच्या पंधरा ते तीस मिनिटें आधीं मुलाला हलकेंच जागें करून पुन्हा निजूं द्यावें. असें दोनचार आठवडे केल्यानें पुष्कळदां ते थांबतात. वय वाढतें तसतसे बहुतेक मुलांत ते आपोआप नाहींसे होतात.

झोंपेंत चालणें हा याच जातीचा विकार होय. येथें औषधापेक्षां बंदोबस्त महत्त्वाचा. शहरांत गॅलरी, गच्ची व जिना; कळससारख्या गांवीं विहीर, शेततळें व कालवा. असें मूल अंगणांत किंवा गच्चीवर कडेला निजवूं नये, आणि दाराची कडी त्याच्या हाताला लागणार नाहीं अशी उंचावर असावी.

या सर्व प्रकारांत एक खूण मात्र विसरतां कामा नये. एकाच रात्रीं अनेकदां, कोणत्याहि वेळीं, अगदीं एकाच साच्याचे थोडक्या काळाचे झटके येत असतील. अंग ताठत असेल, तोंड वांकडें होत असेल, लाळ गळत असेल किंवा जीभ चावली जात असेल. तर तें निद्राभय नसून अपस्माराची आकडी असण्याचा संभव आहे. अशा मुलास विलंब न लावतां डॉक्टरांकडे नेलें पाहिजे. त्याचप्रमाणें रात्रीं पुरेशी झोंप होऊनहि जें मूल दिवसां वर्गांत, जेवतांना, गाडींत पुनःपुन्हा झोंपीं जातें, आणि खळखळून हसतां हसतां ज्याचे गुडघे एकाएकीं लटके पडतात, त्याला आळशी म्हणूं नये. नार्कोलेप्सी नांवाचा हा मेंदूचा विकार विरळा आहे; पण ओळख पटण्यास वर्षें लागतात, तीं बहुधा अशा शिक्क्यामुळेंच.

तिसरा विकार इतका साधा दिसतो कीं तो विकार आहे हेंच कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मूल अंथरुणावर पडलें कीं म्हणतें, "आई, पाय दाबून दे." पायांत किडे वळवळतात, मुंग्या येतात, पाय हलवल्याशिवाय राहवत नाहीं, असें तें आपल्या भाषेंत सांगतें. हलवल्यानें वा चालल्यानें बरें वाटतें. पडलें कीं पुन्हा तेंच. निजल्यावरहि पाय झटकत राहतात व पांघरुणाचा गोळा होतो. या अस्वस्थ पायांचा संबंध पुष्कळदां शरीरांतील लोहाच्या कमतरतेशीं असतो. आणि लोहाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील ६ ते ५९ महिने वयाच्या मुलांपैकीं शेंकडा सुमारें ६९ मुलें रक्तक्षयाचीं आढळलीं. ज्याचे पाय रात्रीं स्वस्थ राहत नाहींत, अशा मुलाच्या रक्तांतील फेरिटिन, म्हणजे लोहाचा सांठा, तपासून घ्यावा. हिमोग्लोबिन ठीक असूनहि हा सांठा कमी असूं शकतो. लोहाचें औषध मात्र डॉक्टरांनीं सांगितलेल्या मात्रेंतच द्यावें व मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. अधिक लोह लहान मुलास विषारी ठरतें.

अंथरूण ओलें करण्याविषयींहि येथें दोन शब्द आवश्यक आहेत. पांच वर्षांच्या वयांत शंभरांत सुमारें पंधरा मुलें रात्रीं अंथरूण ओलें करतात, आणि दरसाल त्यांतील कांहीं आपोआप सुधारतात. यांत मुलाचा आळस नसतो. पुष्कळदां आईला किंवा बापालाहि लहानपणीं हीच संवय असते. मारणें, दटावणें, भावंडांपुढें लाजविणें यानें विकार जात नाहीं, मूल मात्र खचतें. बद्धकोष्ठ असल्यास तें दूर करावें, संध्याकाळनंतर पाणी बेताचें द्यावें; आणि सहासात वर्षांनंतरहि चालू राहिल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ओलावा लागतांच वाजणारी घंटा व आवश्यक तर औषध असे दोन्ही उपाय उपलब्ध आहेत.

आतांपर्यंतचे विकार शरीराचे. परंतु झोंप न लागण्याचा जो सर्वांत सामान्य प्रकार, तो बहुधा घराच्या संवयींतून येतो. झोळींत हलवल्याशिवाय, खांद्यावर फिरविल्याशिवाय किंवा हातांत मोबाईल दिल्याशिवाय जें मूल झोंपीं जात नाहीं, तें मध्यरात्रीं जागें झालें म्हणजे पुन्हा तीच झोळी व तोच मोबाईल मागतें. रात्रींतून थोडा वेळ जागें होणें ही निसर्गाची रीत आहे. पुन्हा एकट्यानें झोंपीं जाणें ही मात्र शिकण्याची गोष्ट आहे. यावर उपाय असा : निजण्याची व उठण्याची वेळ रविवारींहि तीच ठेवावी, निजण्यापूर्वींचा तास पडद्यापासून मोकळा असावा, हातपाय धुणें, दूध, गोष्ट, दिवा मंद करणें हा क्रम रोज सारखा ठेवावा, आणि मूल पेंगुळलेलें पण जागें असतांनाच त्याला अंथरुणावर ठेवावें. दोन आठवडे घरांतील सर्वांनीं हा नेम एकमतानें पाळला तर बहुतेक घरांत फरक दिसतो. आई नेम पाळते व आजोबा मोबाईल देतात, असें झालें तर दिसत नाहीं.

सर्वच घरांना असा नेम पाळणें शक्य नसतें, हेंहि विसरतां येत नाहीं. कळसच्याच परिसरांत ऊंस तोडणीच्या हंगामांत, म्हणजे दिवाळीच्या सुमारापासून उन्हाळा लागेपर्यंत, मराठवाड्यांतून आलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. याच तालुक्यांत भवानीनगर येथें श्रीछत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. कोयता पहाटे अंधारांत सुरू होतो. गाडी भरण्याची पाळी रात्रींहि येते. आणि आईबरोबर मूलहि उठतें. बागायतदाराच्या घरींहि, जेथें शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीस येते तेथें, घरचा कर्ता मध्यरात्रीं पाणी धरावयास निघतो. कामावर जाणाऱ्या आईला मूल निजलेलें हवें असतें, आणि येथूनच एक जुना धोका सुरू होतो.

मुंबईच्या गिरण्यांत बायका काम करीत, तेव्हां कित्येक जणी तान्ह्या मुलाला अफू घातलेली बाळागोळी देऊन पाळीवर जात. जे. एच्. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या व नारायण मल्हार जोशी हे ज्याचे एक सभासद होते, त्या कामगारविषयक राजकीय आयोगानें १९३१ च्या आपल्या अहवालांत या चालीची दखल घेतली आणि गिरण्यांत पाळणाघरांची शिफारस केली. गोळीनें मूल गप्प होई, पण तिची मात्रा किंचित् चुकली तरी श्वास मंदावून तें दगावण्याचें भय असे. आयोगानें सुचविलेला पाळणाघराचा उपाय आईची अडचण ओळखून सुचविलेला होता, हें त्यांतलें मर्म.

बाळागोळी गेली, पण तिच्यामागची इच्छा अजून गेलेली नाहीं. सर्दीखोकल्याच्या औषधांत गुंगी आणणारीं द्रव्यें असतात, आणि मूल झोंपावें म्हणून सुशिक्षित घरांतूनहि त्याचा चमचा दिला जातो. २०२३ च्या डिसेंबरांत भारताच्या औषध नियंत्रकांनीं क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचें मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊं नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश काढला. मेलाटोनिन हें दुसरें एक नांव अलीकडे फार ऐकूं येतें. तो अंधार पडल्यावर शरीरांत सुटणारा एक अंतःस्राव आहे. स्वमग्नतेसारख्या विशिष्ट अवस्थांत डॉक्टर तो विचारपूर्वक देतात. संवयी सुधारण्याचा प्रयत्न न करतां आधींच गोळी देणें याला उपचार म्हणतां येत नाहीं. गुंगी म्हणजे झोंप नव्हे. आणि ज्याचा श्वास अडतो अशा मुलाला गुंगीचें औषध दिलें तर त्याचा धोका वाढतो.

कांहीं वेळां दोष मुलांत नसतो व घरांतहि नसतो. तो घड्याळांत असतो. लहान मुलांच्या सकाळच्या शाळांमुळें त्यांची झोंप पुरी होत नाहीं, हें मत २०२३ च्या डिसेंबरांत तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनीं जाहीरपणें मांडलें. त्यानंतर महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागानें ८ फेब्रुवारी २०२४ रोजीं निर्णय काढून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊ वाजतां किंवा त्यानंतर भरवावेत असें सांगितलें. मोठ्या मुलांची अडचण आणखी निराळी आहे. वयांत येतांना शरीराचें घड्याळच एकदोन तास पुढें सरकतें. पंधरा वर्षांच्या मुलाला दहाला झोंप येत नाहीं यांत सर्वस्वीं त्याचा हट्ट नसतो. सकाळीं त्याला उजेडांत फिरावयास लावणें, रात्रीं मोबाईल खोलीबाहेर ठेवणें व शिकवण्यांची गर्दी कमी करणें, एवढें तरी पालकांच्या हातीं आहे.

शंका आल्यास प्रत्यक्ष काय करावें ? मूल झोंपलें कीं तासाभरानें एकदां व पहाटे एकदां त्याच्याजवळ जाऊन पांच मिनिटें स्वस्थ उभें राहावें आणि ऐकावें. घोरणें किंवा झटका असल्यास मोबाईलवर दोन मिनिटांचें चित्रण करावें. डॉक्टरांना तें फार उपयोगीं पडतें. एका वहींत दोन आठवडे निजण्याची वेळ, उठण्याची वेळ, रात्रींचे प्रसंग व दिवसाची वागणूक लिहून ठेवावी. ही वही घेऊन प्रथम बालरोगतज्ज्ञांकडे व त्यांनीं सांगितल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावें. रात्रभराची यंत्रांची तपासणी प्रत्येकाला लागत नाहीं. लागली तर पुण्यामुंबईंतील मोठ्या रुग्णालयांत होते. ग्रामीण भागांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें अंगणवाडींत व शाळेंत मुलांच्या तपासणीस येतात. २०१३ सालीं हा कार्यक्रम महाराष्ट्रांतच, पालघर येथें, सुरू झाला. पथक आलें म्हणजे मूल घोरतें, झोंपेंत दचकतें किंवा पाय झटकतें हें आवर्जून सांगावें, कारण दिवसां तपासणाऱ्या डॉक्टरांना तें दिसणार नाहीं. कळसपासून जवळच्या बारामतींत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि आहे.

त्या नातवाच्या आईनें हीच वाट धरली असें समजूं. वहींत दोन आठवड्यांच्या नोंदी होतील, डॉक्टर घसा पाहतील, औषध किंवा शस्त्रक्रिया ठरेल. कदाचित् कांहीं महिने नुसती देखरेखहि ठरेल. पण त्याआधीं, त्याच दिवशीं, एक गोष्ट करतां येण्यासारखी आहे. शाळेंत जाऊन बाईंना सांगावयाचें कीं, हा मुलगा आळशी नाहीं, त्याची झोंप मोडते आहे. आजीनें दोन रात्रीं कान देऊन जें ऐकलें, तें प्रगतिपुस्तकांत वर्षभर कोणाला वाचतां आलें नव्हतें. मूल परीक्षेंत किती गुण मिळवितें हें प्रत्येक घराला पाठ असतें. तें झोंपतें कसें, हेंहि घरांतील एका तरी माणसाला ठाऊक असावें.